उजव्या हाताची मुलं

८ ऑगस्ट, सोमवार

बायको म्हणाली, "अहो, तेच तेच मला किती वेळा ऐकवणार? वहीत लिहा. वही निदान जांभया तरी देणार नाही." म्हणून ही वही. इतकी वर्षं मुलांच्या मागे लागलो की रोज इंग्रजीत दैनंदिनी लिहा, स्वतः एक ओळ लिहिली नाही. आणि आज बसलो तर आपल्या भाषेतच बसलो. शिव्या इंग्रजीत मनासारख्या देता येत नाहीत.

तर झालं ते असं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, दहावीचा इंग्रजीचा वर्ग आज माझ्याकडून काढून घेतला. दिला कोणाला? माझ्या साडूला! बायकोच्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला!

हे साडूराव कालपरवापर्यंत चपलांच्या दुकानाच्या माडीवर 'बिनधास्त बोला' नावाचा क्लास चालवत होते. तो बसला. मग आमच्या संस्थेने त्यांना 'संभाषण प्रशिक्षक' म्हणून वर्षभरासाठी नेमलं. आल्या आल्या ते माझ्या तासांना शेवटच्या बाकावर येऊन बसायला लागले. हसतमुख. मांडीवर घड्याळ. मला वाटलं, शिकतायत बिचारे. मी त्यांच्यासाठी आणखी मोठ्याने शिकवलं.

आज शिक्षकांच्या खोलीत त्यांनी फळ्यावर एक मोठा गोल काढला. त्यात काठाला एक बारीकशी फोड. म्हणाले, "हा गोल म्हणजे एक तास. ही फोड म्हणजे मुलं जेवढं बोलली तेवढा वेळ. बाकी सगळं सर बोलले. कोणते सर ते महत्त्वाचं नाही." साडूराव बसले होते ते फक्त माझ्याच तासांना. गणिताचे सर तर चष्मा काढून हसले. चित्रकलेच्या बाईंनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते.

मी सूड घेणार. हे आत्ताच लिहून ठेवतो, म्हणजे उद्या चहा प्यायल्यावर विरघळायला नको.

१० ऑगस्ट, बुधवार

दहावीच्या बदल्यात मला आठवी ब मिळाली. आठवी ब म्हणजे शाळेची अडगळ. जे कुठेच बसत नाहीत ते तिथे बसवतात. पहिल्याच तासाला विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?" तर अर्धा वर्ग बाकाखाली वाकून पेन शोधायला लागला.

नावं पाठ करायच्या भानगडीत मी पडलो नाही. एक आहे घड्याळ्या. बसल्यापासून शेजाऱ्याला विचारतो, किती वाजले. दोन जुळ्या बहिणी आहेत, एकीला विचारलं की दुसरीकडे बघते आणि दुसरी पहिलीकडे. एक खिडकीवाली आहे, तिची मान कायम बाहेर. पाच-सहा पोरं बरी आहेत, त्यांना घरी शिकवणी आहे. बाकी सगळी पाटी कोरी.

मी क्रियापदांची रूपं सांगितली. तासभर बोललो. पोरं अगदी शांत होती. छान झाला तास.

१४ ऑगस्ट, रविवार

साडूरावांकडे जेवायला. बायकोने आधीच बजावलं होतं, "तिथे तोंड वाकडं करून बसायचं नाही." दारात मेहुणी म्हणाली, "भाऊजी, रागावला नाहीत ना?" मी म्हटलं, छे, छे. हात धुवायला गेलो तेव्हा आरशात पाहिलं, तोंड वाकडंच होतं.

जेवण झाल्यावर साडूराव जवळ सरकले. "साडूभाऊ, एक मदत हवी होती." पुढच्या महिन्यात संस्थेचे अध्यक्ष आणि दुसऱ्या शाळांचे मुख्याध्यापक येणार आहेत. त्यांच्यासमोर साडूरावांना एक नमुना पाठ घ्यायचा आहे. त्यासाठी त्यांना माझी आठवी ब हवी आहे! "हुशार वर्ग कोणीही बोलता करून दाखवेल. आठवी ब इंग्रजीत बोलली, तर माझी मुलांना बोलतं करायची पद्धत सिद्ध झाली." म्हणजे माझीच दहावी घ्यायची, आणि वर माझ्याच आठवीच्या खांद्यावर उभं राहून फोटो काढायचा. तळपायाची आग मस्तकात गेली. बायकोने टेबलाखालून पाय मारला. मी हो म्हणालो.

१६ ऑगस्ट, मंगळवार

देव आहे.

मोठ्या बाईंनी साडूरावांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं आणि शाळेची जुनी पद्धत समजावून दिली. आम्हा जुन्या लोकांना ती तोंडपाठ आहे. पाहुणे वर्गात बसले की प्रत्येक प्रश्नाला सगळ्या मुलांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. शिक्षकाने उजव्या हातालाच उठवायचं. पाहुण्यांना दिसतं हातांचं रान. आजवर एकाही पाहुण्याच्या हे लक्षात आलेलं नाही.

साडूराव कसनुसे झाले. "बाई, मला हे पटत नाही. मुलांना चुकू द्या की."

"चुकू द्या," बाई म्हणाल्या, "पण अध्यक्षांसमोर नको. स्पष्टच सांगते. पाठ पडला तर संस्था तुमची नेमणूक पुढे चालवणार नाही. मग दहावी परत सरांकडे जाईल, आणि मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. ते हातांचं मुलांकडून नीट घटवून घ्या." शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून. वर्गशिक्षक मी ना.

साडूरावांनी मान खाली घातली आणि हो म्हणाले. तत्त्वबित्त्व तिथेच संपलं.

मी केबिनमधून बाहेर पडलो, नळापर्यंत पोचलो आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाठाच्या दिवशी हात बदलायचे! येत असेल त्याने डावा, येत नसेल त्याने उजवा. साडूराव बिनधास्त उजव्या हाताला उठवणार, आणि उठणार कोण? घड्याळ्या! मग दुसरा उजवा हात, तिथे जुळी. मग खिडकीवाली. एकामागून एक ठोकळे. अध्यक्षांसमोर. मी नळापाशी एकटाच हसत सुटलो. शिपाई म्हणाला, "सर, बरं आहे ना?" इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

१७ ऑगस्ट, बुधवार

घाई करून उपयोगाचं नाही. कोणाला खरोखर काही येत नाही याची पक्की खात्री हवी. एखादं पोर ऐन वेळी बोलून गेलं तर सगळा डाव ओमफस.

म्हणून ठरवलं. शाळा सुटल्यावर या कोऱ्या पाट्यांना चित्रकलेच्या खोलीत बसवायचं आणि एकेकाला प्रश्न विचारून बघायचं. पण नियम कडक. मी फक्त प्रश्न विचारणार. शब्द सुचवायचा नाही, चूक सुधारायची नाही, मान हलवायची नाही. मी सांगत बसलो तर पोरं शिकतील, आणि मग झालं कल्याण.

मुलांना सांगितलं, जादा तास. मोठ्या बाईंना सांगितलं, जादा तास. बाईंना गहिवरून आलं.

१९ ऑगस्ट, शुक्रवार

पहिली बैठक. प्रश्न टाकला, शाळेतून घरी गेल्यावर काय करता? आणि गप्प बसलो.

बाप रे. अशी शांतता मला वर्गात सोसत नाही. इतकी वर्षं मी प्रश्न विचारतो आणि श्वास घेऊन स्वतःच उत्तर सांगून टाकतो. आज जीभ दातांखाली धरून बसलो. पोरं माझ्याकडे बघतायत, मी पोरांकडे. पंखा कुरकुरतोय. शेवटी घड्याळ्याला बहुतेक घरी जायची घाई झाली. म्हणाला, "आय... गो... होम. अँड... स्लीप." मी गप्प. त्याला वाटलं, पुरलं नाही. म्हणाला, "फादर कम. आय नॉट स्लीप."

बाकीचे हसले. एक क्रियापद धड नाही. अगदी समाधानकारक.

२३ ऑगस्ट, मंगळवार

आज खिडकीवाली बोलली. तिची आई लाँड्रीत इस्त्री करते हे मला माहीत नव्हतं. "माय मदर आयर्न. बिग आयर्न, व्हेरी हॉट. संडे, हँड बर्न." मी नियमाप्रमाणे ढिम्म. मी काहीच म्हणत नाही म्हणून ती थांबेना. लाँड्रीचा मालक काय म्हणाला, आईने त्याला काय ऐकवलं, शेजारणीने कोणतं मलम दिलं, सगळं सांगितलं. ज्या शब्दाला अडली तिथे हाताने करून दाखवलं. ते मालकाचं सोंग तर मोठं मजेदार होतं.

भूतकाळाचा पत्ता नाही. एकही वाक्य शुद्ध नाही. म्हणजे येत नाही.

आईच्या हाताचं पुढे काय झालं ते कळलं नाही. उद्या विचारतो. तपासाचा भाग म्हणून.

२६ ऑगस्ट, शुक्रवार

हात बरा आहे. आई कामावर जाते.

दोघी जुळ्या आज एकमेकींशी भांडल्या, इंग्रजीत. घरातला कप कोणी फोडला यावरून. "शी ब्रेक!" "नो, शी ब्रेक, शी आल्वेज ब्रेक!" घड्याळ्या मध्ये पडला आणि न्यायाधीश झाला. दोघींना उलटसुलट प्रश्न विचारून त्याने असा निकाल दिला की कप मांजराने फोडला. त्यांच्या घरी मांजर नाही म्हणे. सगळे खो खो हसले. चुकून मीही हसलो.

एक विचित्र गोष्ट. घड्याळ्याने आज एकदाही किती वाजले विचारलं नाही. तब्येत बरी नसावी त्याची.

प्रगती उत्तम आहे. म्हणजे माझ्या बेताची. मोडकं इंग्रजी हे मोडकंच असतं, पाहुण्यांसमोर यांच्या तोंडून अक्षर फुटायचं नाही.

२९ ऑगस्ट, सोमवार

साडूरावांनी आठवी ब मध्ये पाठाची तालीम घेतली. मी मागे उभा. प्रश्न आला की हात वर. साडूराव फक्त उजव्या हातांकडे जातात, त्याच शिकवणीवाल्या पाच-सहा पोरांकडे. बाकीची डावा हात वर धरून पुतळ्यासारखी. त्यांच्याकडे ते बघतसुद्धा नाहीत. ही म्हणे बोलायची पद्धत!

शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या खोलीत खिडकीवाली दंड चोळत आली. विचारलं, काय झालं. म्हणाली, "लेफ्ट हँड टायर्ड, सर." मला साडूचा भयंकर राग आला. त्याच्या नावावर आणखी एक गुन्हा.

घरी बायको म्हणाली, "हल्ली तुम्ही जरा ऐकून घेता हो माणसाचं. मघाशी मी बोलत होते तर मधे तोंड घातलं नाहीत." मी म्हटलं, दमलोय.

२ सप्टेंबर, शुक्रवार

आज वर्गात सांगितलं. "पाठाच्या दिवशी हात बदलायचे. ज्याला येतं त्याने डावा. ज्याला येत नाही त्याने उजवा. वरून हुकूम आहे. प्रशिक्षक सरांशी यावर बोलायचं नाही, ते गडबडून जातील."

शिकवणीवाल्यांनी हो म्हटलं, त्यांना काय. मागून खिडकीवाली उभी राहिली.

"म्हणजे सर आम्हाला विचारणार?"

"हो."

"पण आम्हाला येत नाही."

"मग?"

"तुम्हाला माहीत आहे ना, सर, आम्हाला येत नाही ते? तुम्हीच रोज विचारता."

मी म्हटलं, "बस खाली. फार शहाणपणा करू नकोस." बसली. पण खिडकीबाहेर नाही, सबंध तास माझ्याकडे बघत बसली. कशी बघत होती! आजकालच्या पोरींना भीड म्हणून नाही.

आणि आता तपास पूर्ण झालाच आहे, तेव्हा जादा तास बंद केले. घड्याळ्या म्हणाला, "का, सर?" मी म्हटलं, काम झालं.

५ सप्टेंबर, सोमवार

शाळा सुटल्यावर सवयीने चित्रकलेच्या खोलीत गेलो. कोणी नव्हतं. असणार कसं, मीच बंद केलं. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "सर, काही विसरलात का?" मी उगाच एक खडू उचलून आणला.

मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे आठवी ब ची डावी पोरं घोळका करून कुजबुजत होती. मी गेल्यावर एकदम चिडीचूप. घाबरली आहेत. घाबरायलाच हवीत. त्यांची पाचावर धारण बसली तरच साडूरावांच्या तोंडचं पाणी पळेल.

जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "काय शिजतंय डोक्यात?" तिची बहीण तिच्याशी रोज फोनवर बोलते. मी म्हटलं, पित्त.

७ सप्टेंबर, बुधवार

उद्या.

संध्याकाळी साडूराव शिक्षकांच्या खोलीत एकटेच बसले होते. मला बघून कसंबसं हसले. म्हणाले, "साडूभाऊ, हात बघा माझा." बर्फासारखा गार. "उद्या पडलो तर पुन्हा ते चपलांचं दुकान. माडीचं भाडंही आता वाढलंय. हिला अजून सांगितलं नाही मी, की नेमणूक या एका पाठावर अडकलीय. तुम्ही मागे उभे राहाल ना? ओळखीचं माणूस दिसलं की बरं वाटतं."

खरं लिहितो. त्या क्षणी सांगून टाकावंसं वाटलं. तोंड उघडलंही. तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे फळा दिसला. पुसलेला होता, पण मला त्याच्यावर तो गोल दिसला, ती बारीक फोड दिसली, गणिताच्या सरांचा चष्मा दिसला. मी म्हटलं, "राहीन की. अगदी मागेच उभा राहीन."

८ सप्टेंबर, गुरुवार

सगळं क्रमाने लिहितो.

अध्यक्ष पुढच्या खुर्चीत, बाकीचे पाहुणे भिंतीशी. मोठ्या बाई दारात. मी मागे. साडूरावांनी नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेषा तशाच. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, काल शाळा सुटल्यावर काय केलंत? हात वर झाले, सगळेच्या सगळे. साडूराव सवयीने उजव्या हातांकडे वळले आणि जागच्या जागी थबकले. उजवे हात कोणाचे ते त्यांना दिसलं. घड्याळ्या. जुळ्या. खिडकीवाली. शिकवणीवाली पोरं डावा हात वर करून मख्ख. साडूरावांनी नजर उचलून सरळ माझ्याकडे पाहिलं. मी ती नजर चुकवली नाही. कळू दे म्हटलं, कोणी केलं ते. तेवढ्यासाठीच तर एक महिना घालवला.

त्यांनी घाम पुसला. दुसरा मार्गच नव्हता. घड्याळ्याला उठवलं.

घड्याळ्या उभा राहिला आणि गप्प. अध्यक्षांची खुर्ची करकरली. मोठ्या बाईंनी डोळे मिटले. मी मनात म्हणत होतो, आता दुसऱ्याला विचार, मग तिसऱ्याला विचार, बुड म्हणावं!

आणि घड्याळ्या बोलला. "यस्टरडे, आय गो होम. माय फादर स्लीप. सो आय टेक हिज वॉच, अँड आय मेक इट वन आवर फास्ट." थांबला. सगळ्यांकडे पाहिलं. "टुडे ही गो टु वर्क व्हेरी अर्ली. ही इज व्हेरी अँग्री. प्लीज डोन्ट टेल हिम." अध्यक्ष असे हसले की त्यांना ठसका लागला. मोठ्या बाईंनी पाणी आणवलं.

मग जुळ्या. कपाचं भांडण दोघींनी मिळून सादर केलं, मांजरासकट. मग आणखी तिघं. सगळी मोडकी वाक्यं, आणि सगळी कळत होती. अडले तर हाताने दाखवत होते, एकमेकांना शब्द पुरवत होते. अध्यक्षांना चेव आला. ते स्वतः खिडकीवालीला म्हणाले, तुझी आई काय करते? हा प्रश्न तालमीत नव्हताच. तिने लाँड्री सांगितली, मालक करून दाखवला, आणि शेवटी अध्यक्षांनाच विचारलं, "अँड यू, सर? हू आयर्न युवर शर्ट?" अध्यक्ष म्हणाले, "माय वाइफ." ती म्हणाली, "शी इज टायर्ड?" अध्यक्षांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "यू आर राइट. आय विल आस्क हर."

टाळ्या. सगळे उभे. मीही टाळ्या वाजवत होतो. जोरजोरात वाजवत होतो. संतापाने, दुसरं काय. माझा डाव माझ्याच डोळ्यांदेखत पार उधळला. आणि त्याच वेळी शेजारच्या मुख्याध्यापकांना मी सांगत होतो, "ती खिडकीजवळची, ती माझी. तो घड्याळाची गोष्ट सांगणारा बुटका पण माझाच." हे मी का बोलत होतो कोण जाणे.

९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी साडूरावांनी जिन्यात गाठलं. आजूबाजूला कोणी नाही असं बघून म्हणाले, "साडूभाऊ, हात तुम्ही बदललेत."

"हो."

"का, ते मी विचारणार नाही. घरी दोघी बहिणी आहेत." मग जरा थांबून, "त्या पोरांना बोलतं कोणी केलं हेही मला माहीत आहे. मी केलेलं नाही. काल मी ते अध्यक्षांना सांगितलं." आणि खांद्यावर थाप मारून गेले. भांडले असते तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर मी दुप्पट दिल्या असत्या. या माणसाने मला सूडसुद्धा धड घेऊ दिला नाही.

दुपारी मोठ्या बाई म्हणाल्या, साडूरावांना आता संस्थेच्या सगळ्या शाळांत फिरायचं आहे, कायमची नेमणूक. तेव्हा सोमवारपासून दहावी पुन्हा तुमची. आठवी ब साठी कोणीतरी बघू.

म्हणजे जे हवं होतं ते मिळालं. घरी येऊन सांगितलं. बायको म्हणाली, "मग असे बसलात का?" तिला म्हटलं, पित्त. ती म्हणाली, "तुमच्या पित्ताला बहिणीने केव्हाच फोनवर नाव सांगितलंय." आणि आत निघून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

१२ सप्टेंबर, सोमवार

दहावीवर गेलो. पोरं उठून उभी राहिली. बरं वाटेल असं वाटलं होतं. क्रियापदांची रूपं सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबून विचारलं, काल काय केलंत? सगळे वहीत उत्तर शोधायला लागले.

शाळा सुटल्यावर शिपाई आला. "सर, आठवी ब ची पोरं चित्रकलेच्या खोलीत बसलीत. हलत नाहीत. तुम्हाला बोलावतायत."

गेलो. सगळी होती. कोणी उठलं नाही. मी म्हटलं, "जादा तास बंद झालाय ना? आणि मी आता तुमच्या वर्गावर नाही." घड्याळ्या म्हणाला, "माहीत आहे." मग खिडकीवाली उभी राहिली आणि बोलली ते सगळं इंग्रजीत. जसं बोलली तसं इथे लिहून ठेवता येणार नाही, लिहिलं तर माझा हात ते नीट करत बसेल. अर्थ असा.

म्हणाली, तुम्ही आम्हाला इथे बसवत होता, तेव्हा आम्हाला वाटलं, कोणीतरी पहिल्यांदा आमचं ऐकतंय. मी घरी आईला सांगितलं. मग तुम्ही हात बदलायला सांगितलेत, आणि आम्हाला कळलं. आम्ही उभं राहावं आणि आमच्या तोंडून काही निघू नये, हे तुम्हाला हवं होतं. त्यासाठीच तुम्ही ऐकत होता. आम्ही सगळे रडलो. घड्याळ्याही रडला. मग आम्हाला राग आला. मधल्या सुट्टीत टाकीमागे रोज बोलायची प्रॅक्टिस केली. ती अध्यक्षांसाठी नव्हती, नव्या सरांसाठीही नव्हती. बोलताना आम्हाला तुमचं तोंड बघायचं होतं. आम्ही बघितलं.

घड्याळ्या म्हणाला, "व्हेरी गुड फेस, सर." कोणी हसलं नाही.

खोलीत उभं राहवेना मला. एक महिना मी सूड सूड म्हणून नाचत होतो, आणि ज्यांना मी ठोकळे म्हणत होतो त्यांनी माझ्यावरच तो घेतला होता. माझ्या बेतापेक्षा शंभर पटींनी नेटका. मला लाज वाटली. इतकी लाज मला त्या फळ्यावरच्या गोलाने वाटली नव्हती.

मी दाराकडे वळलो. तर ती म्हणाली, "नो, सर. वन क्वेश्चन." मी थांबलो. तिने विचारलं, "व्हाय?"

आणि सगळी पोरं गप्प बसली. शब्द सुचवला नाही कोणी, मान हलवली नाही. नुसती बघत राहिली, मी बोलेपर्यंत.

मग मी बोललो. इंग्रजीतच बोललो आणि अडखळत बोललो. म्हणालो, मला दुसऱ्या एका माणसाचा राग आला होता, आणि तुम्ही हाताशी होतात. तुम्हाला काही येत नाही हे मला हवं होतं. तुम्हाला येत होतं, रोज माझ्यासमोर येत होतं, आणि मी ऐकूनही ऐकलं नाही. आय अॅम सॉरी, म्हणालो.

खिडकीवालीने जुळ्यांकडे पाहिलं, घड्याळ्याकडे पाहिलं. मग मधल्या रिकाम्या बाकाकडे बोट दाखवून म्हणाली, "थँक यू, सर. सिट डाउन. नाउ वी आस्क, यू आन्सर."

मी बसलो.